खलनायिका (मराठी मालिका)

दररोजच्या मालिकेत नायिकेच्या संसारात विष कालवणारे आणि त्यातूनच कथानक चालते ठेवणारे स्त्रीपात्र. कलाकार तिला ‘निगेटिव्ह रोल’ म्हणतात. प्रेक्षक तिच्या नावाने बोटे मोडतात आणि तिच्यासाठीच रोज टीव्ही लावतात.

खलपात्राला शिव्या घालायच्या आणि नटाने ती कामाची पावती मानायची, ही रीत मालिकांच्या आधीची आहे. ललिता पवारांची खाष्ट सासू आणि निळू फुले यांचा बेरकी पुढारी यांनी ती रुजवली. राष्ट्र सेवा दलात घडलेले आणि सामाजिक चळवळींत आयुष्यभर वावरलेले निळू फुले खेड्यापाड्यांतल्या बायकांना पडद्यावरच्या त्या पुढाऱ्याइतकेच धोकादायक वाटत. पण सिनेमातला खलनायक तीन तासांत संपतो. मालिकेतली खलनायिका ऐन जेवणाच्या वेळी घरात येते आणि वर्षानुवर्षे हरत नाही. तिच्यावरचा राग त्यामुळे मुरत जातो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे झी मराठीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१) या मालिकेतील शनाया. राधिका (अनिता दाते) ही साडी-मंगळसूत्रातली, नागपूरकडची बोली बोलणारी गृहिणी. तिचा नवरा गुरुनाथ (अभिजीत खांडकेकर) शनायाच्या (रसिका सुनील) नादी लागतो. शनायाचे तोकडे कपडे, स्वयंपाकाचा कंटाळा, खरेदीची हौस आणि लाडात मारलेली ‘गॅरी’ ही हाक, एवढ्यावर तिचे वाईटपण प्रेक्षकाला पहिल्याच भेटीत कळावे अशी योजना होती. ती सफल झाली, पण अर्धीच. शनाया कारस्थानी कमी आणि आळशी, बावळट जास्त निघाली. लोक तिला हसू लागले आणि हसता हसता ती त्यांना आवडू लागली. २०१८ मध्ये रसिका सुनील शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्यावर ही भूमिका ईशा केसकरने केली. तेव्हा जिला रोज शिव्या पडत होत्या, त्याच जुन्या शनायाची अनेकांना आठवण येऊ लागली. २०२० मध्ये रसिका परतली.

समीक्षकांची मुख्य हरकत अशा पात्राच्या घडणीवर आहे आणि ती रास्त आहे. आधुनिक कपडे, नोकरी, स्वतःची इच्छा बोलून दाखवणे हीच वाईट बाईची खूण ठरली, तर घरोघरच्या नोकरदार मुलींकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल? त्याहून मोठा दोष म्हणजे रागाची वाटणी. लग्नाची शपथ गुरुनाथने मोडली होती, शनायाने नव्हे. तरीही ‘संसार मोडणारी’ हा शिक्का तिच्यावरच बसला आणि त्याच्या वाट्याला पुष्कळदा ‘फसला बिचारा’ अशी कीव आली. शेवटच्या टप्प्यात गुरुनाथ तिसऱ्या स्त्रीकडे वळतो आणि शनाया राधिकेच्या बाजूने उभी राहते. ही दुरुस्ती लेखकांनी केली खरी, पण फार उशिरा.

स्टार प्रवाहवरील ‘आई कुठे काय करते’ (२०१९–२०२४) या मालिकेत हा तोल थोडा सुधारला. ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवर ती बेतलेली होती. तिच्यात नायिका अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध याच्या आयुष्यात आलेल्या संजनाला (आधी दीपाली पानसरे, नंतर रुपाली भोसले) समाजमाध्यमांवर भरपूर बोलणी खावी लागली. पण इथे नवऱ्याचीही सुटका झाली नाही. अनिरुद्ध झालेल्या मिलिंद गवळींवर प्रेक्षक उघड संतापले. अरुंधतीला वर्षानुवर्षे गृहीत धरणारा तो पुरुष अनेक बायकांना आपल्याच घरातला वाटला.

पुरुष खलपात्राच्या वाट्याला येणारी माफी पाहायची तर ‘रात्रीस खेळ चाले’कडे जावे लागते. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या या मालिकेतले अण्णा नाईक (माधव अभ्यंकर) क्रूर, स्त्रीलंपट, खून पाडणारे. तरी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. मालिकेतला वाडा पाहायला पर्यटक जाऊ लागले. अण्णांची प्रेयसी शेवंता (अपूर्वा नेमळेकर) हा खलनायिकांमधला अपवाद म्हणायला हवा. दुसऱ्याच्या संसारात शिरलेली असूनही तिला तिरस्कारापेक्षा सहानुभूती जास्त मिळाली, कारण तिची हाव जशी दाखवली तशी तिची फसवणूकही दाखवली गेली.