शेंगेन व्हिसाची फाइल: एकेका कागदामागचा इतिहास

गेल्या वर्षी मार्चमध्ये आत्याची शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फाइल लावायला मी तिच्या डायनिंग टेबलाशी बसले. आत्या निवृत्त शिक्षिका, आयुष्यातला पहिलाच परदेश प्रवास, पॅरिस आणि स्वित्झर्लंड मिळून अकरा रात्री. टेबलावर बँक स्टेटमेंट, आयटीआर, पेन्शनचा कागद, हॉटेलचं बुकिंग, जाण्यायेण्याच्या तिकिटांचं रिझर्व्हेशन, विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. गावी जमीन आहे हे दिसावं म्हणून तिने सातबाऱ्याचा उताराही काढून आणला होता. सगळं क्लिपांमध्ये लावून झाल्यावर ती म्हणाली, “मी परत येणार नाही असं त्यांना का वाटतं गं?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ते तिला लागलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. त्या फाइलमधला प्रत्येक कागद कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी कारणाने जन्माला आला आहे, आणि ते कारण आपल्या आत्यामामांशी क्वचितच संबंधित असतं.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. आड आला तो समाज आणि पैसा. व्हिसा नावाची वस्तूच त्यांच्या वाटेत नव्हती. त्या काळी रशिया आणि तुर्कस्तानसारखे अपवाद सोडले तर युरोपभर पासपोर्टशिवाय हिंडता येत असे. पहिल्या महायुद्धाने हे संपवलं. हेरांच्या भीतीने सरहद्दीवर कागद तपासायला सुरुवात झाली आणि युद्ध संपल्यावरही ती थांबली नाही. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टचा एकच नमुना ठरवला, ३२ पानांची छोटी पुस्तिका. आज आपल्या हातात असते ती तिचीच वंशज.

पासपोर्ट हा माणूस अडवण्याचाही कागद आहे, हे महाराष्ट्राला फार लवकर कळलं. १९१८ मध्ये होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन लोकमान्य टिळक इंग्लंडला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथे सरकारने पासपोर्ट रद्द केले. पुढे त्याच वर्षी इंग्रज पत्रकार चिरोलवर लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी त्यांना विलायतेला जाता आलं. पण १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत भारताची बाजू मांडायला फ्रान्सला जायचं म्हटल्यावर पुन्हा नकार. शेवटी टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लंडनहून लेखी निवेदन पाठवलं. पॅरिसला जायला निघालेल्या मराठी माणसाच्या कागदांची गोष्ट इतकी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ अडसर आपल्याच दाराला होता. पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. पासपोर्ट मिळाला तरी परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी, त्यासाठी भरायचा ‘पी फॉर्म’, आणि हातात पडायचे मोजके डॉलर. फिरायला म्हणून युरोपला जाणारी कुटुंबं त्यामुळे विरळाच.

आता ‘शेंगेन’ हे नाव जिथून आलं, त्या लक्झेंबर्गच्या नदीकडे येऊ. १९८४ च्या सुरुवातीला युरोपातल्या सरहद्दींवर मालाच्या ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. कस्टमवाल्यांचा संप, मग वैतागलेल्या ट्रकचालकांनी अडवलेले रस्ते. त्यातून त्या जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने आपसातली तपासणी सैल करायचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी आपापसांत असं आधीच केलेलं होतं, तेही येऊन मिळाले. १४ जून १९८५ रोजी पाच देशांचे प्रतिनिधी मोझेल नदीवर ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाच्या बोटीवर जमले. काठावरचं गाव शेंगेन, द्राक्षमळ्यांचं, जिथे लक्झेंबर्ग, जर्मनी आणि फ्रान्सच्या हद्दी मिळतात. सही करायला पंतप्रधान कुणी आले नव्हते, राज्यमंत्री दर्जाची माणसं होती. एवढ्याशा गावाचं नाव पुढे पुण्या-नाशिकच्या घराघरांत घेतलं जाईल, असं त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नसेल.

त्या करारातलं सातवं कलम माझ्या मते आत्याच्या प्रश्नाचं मूळ आहे. आतल्या सरहद्दीवरची तपासणी कमी केली की स्थलांतर आणि सुरक्षेचे प्रश्न उभे राहतील, तेव्हा पाचही देशांनी आपली व्हिसा धोरणं शक्य तितक्या लवकर एकमेकांच्या जवळ आणावीत, असं ते सांगतं. वाड्यातल्या खोल्यांची दारं काढून टाकली की दिंडीदरवाजाचं कुलूप सगळ्यांचं होतं, तसं हे झालं. स्पेनमध्ये उतरलेला माणूस कुणी न विचारता जर्मनीत पोचणार असेल, तर स्पेनच्या खिडकीत बसलेल्या माणसाने जर्मनीच्याही वतीने प्रश्न विचारायचे.

त्याच सुमाराला दारं एकेक करून लागत गेली. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसमधल्या बॉम्बस्फोटांनंतर फ्रान्सने युरोपीय समुदाय (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) आणि स्वित्झर्लंड सोडून सगळ्यांना व्हिसा सक्तीचा केला, अगदी अमेरिकनांनाही. पुढच्याच महिन्यात ब्रिटनने भारतीयांना व्हिसा लावला. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं; लंडन जोडून घ्यायचं तर आजही दुसरी फाइल लागते.

१९ जून १९९० रोजी शेंगेनच्या अंमलबजावणीचा करार झाला. एकच सामाईक व्हिसा, तीन महिन्यांची मर्यादा, आणि ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्याच्याकडे अर्ज, हे सगळं त्यातलं. आत्याच्या पॅरिसला पाच रात्री होत्या, स्वित्झर्लंडला सहा. विमान पॅरिसला उतरणार असूनही तिने अर्ज स्विसकडे केला तो या नियमामुळे. २६ मार्च १९९५ ला सात देशांत प्रत्यक्ष अंमल सुरू झाला: आधीचे पाच, शिवाय स्पेन आणि पोर्तुगाल.

आपल्याकडच्या सहलींचं चित्र यानंतर पालटलं. केसरीसारख्या सहल कंपन्या ऐंशीच्या दशकातल्या. नव्वदच्या दशकात हातात थोडा पैसा आलेला मध्यमवर्ग युरोप सहलीची स्वप्नं पाहू लागला. एरवी देशागणिक वेगळा व्हिसा, म्हणजे एकच पासपोर्ट या वकिलातीतून त्या वकिलातीत फिरवायचा. तो फेरा आटोक्यात आला. स्वित्झर्लंड मात्र १२ डिसेंबर २००८ पर्यंत बाहेर होतं, त्यामुळे तोवर आल्प्सच्या बर्फासाठी वेगळं स्टिकर लागत असे.

१९९९ मध्ये शेंगेनचे नियम युरोपीय संघाच्या कायद्यात आले आणि २००१ मध्ये कुणाला व्हिसा लागेल याची सामाईक यादी निघाली. भारत त्या यादीत आहे. गोव्यात ही यादी घराच्या मधोमध रेघ ओढते: १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपण्याच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा सांगता येतो. ज्याने तो सांगितला तो भाऊ लिस्बनला हवं तेव्हा जातो, आणि भारतीय पासपोर्ट राखलेली बहीण त्याला भेटायला बँक स्टेटमेंट जोडते.

११ सप्टेंबर २००१ नंतर युरोपने व्हिसा अर्जदारांची सामाईक माहिती यंत्रणा उभारायचं ठरवलं. त्या खर्चापायी २००७ मध्ये फी ३५ युरोवरून ६० झाली. २०२० मध्ये ८० आणि जून २०२४ पासून ९० युरो. किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याची अट २००४ ची. दहा बोटांचे ठसे भारतात २ नोव्हेंबर २०१५ पासून घेऊ लागले, आणि तेव्हापासून एजंटाच्या हाती नुसते कागद देऊन चालेनासं झालं; निदान एकदा तरी स्वतः जावं लागतं.

आत्याचे ठसे उमटेनात. आधी चार बोटं, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन अंगठे. चाळीस वर्षं खडू आणि भांड्यांची राख यांनी रेषा झिजवल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने ओल्या टिश्यूने तिची बोटं पुसली, स्वतःचा हात तिच्या हातावर ठेवून हलकेच दाबला, “आजी, आणखी एकदा,” म्हणाली. चौथ्या खेपेला पडद्यावर हिरवी खूण आली. ती मुलगी घाईत असूनही आवाज चढवत नव्हती, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

काउंटरची ही पद्धतसुद्धा आपल्याच मुंबईत रुजली. अर्ज गोळा करण्याचं काम वकिलातीबाहेरच्या कंपनीने करायचं, ही कल्पना घेऊन व्हीएफएस ग्लोबल २००१ मध्ये इथे सुरू झाली, आणि आता ती जगभर पसरली आहे. व्हिसा द्यायचा की नाही हे मात्र वकिलातच ठरवते. अर्जदारांचा इथे नेहमी गोंधळ होतो. काउंटरवर कितीही गयावया केली तरी निर्णय तिथे होतच नाही.

परत येण्याच्या खात्रीचा मुद्दा ५ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेत स्पष्ट आहे: मुदत संपण्याआधी अर्जदार बाहेर पडेल का, हे अधिकाऱ्याने तपासायचं. म्हणून पेन्शन, म्हणून आयटीआर. याच संहितेने अर्जदाराला एक मोठी गोष्टही दिली. ५ एप्रिल २०११ पासून नकाराचं कारण ठरावीक नमुन्यात लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. हा हक्क आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. नकार आला की माणसं गप्प बसतात, जणू काही आपल्याच चारित्र्यावर शेरा आला. २०२४ मध्ये भारतातून ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यांतले साधारण १५ टक्के नाकारले गेले. इतकी माणसं अप्रामाणिक नसतात. अनेकदा एखादा कागद अपुरा असतो, किंवा प्रवासाचं कारण नीट मांडलेलं नसतं.

अलीकडे एक दिलासा मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत असेल तर पाच वर्षांचा. कितीही मुदतीचा असला तरी कुठल्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांपुरताच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून हे दिवस मोजणारी संगणकीय नोंद सरहद्दीवर टप्प्याटप्प्याने आली, आणि पासपोर्टवरचा शिक्का जाऊ लागला.

आत्या मे महिन्यात जाऊन आली, त्यामुळे तिच्या पासपोर्टवर पॅरिसच्या विमानतळाचा निळा शिक्का आहे. तो ती आल्या-गेल्याला दाखवते. तिचे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतील, म्हणजे पुढच्या अर्जाला बोटं पुन्हा दाबायला नकोत. दुसरा व्हिसा तीन वर्षांच्या आत बसवायचा म्हणून ती आता लिस्बनची माहिती वहीत उतरवून घेते आहे.