मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाचे शिक्षकांकडून मूल्यमापन

मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, हे त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांना प्रश्नावली देऊन आकड्यांत मांडण्याची संशोधनपद्धती. तिचा पाया अमेरिकेत घातला गेला. ओहायो स्टेट विद्यापीठातील नेतृत्वविषयक अभ्यासांनी कामाची घडी बसवणे आणि माणसांची कदर करणे असे दोन निकष पुढे आणले. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या आरंभी हॅल्पिन व क्रॉफ्ट या संशोधकांनी ७१ प्राथमिक शाळांतील शिक्षकांकडून ६४ विधानांवर मते घेतली. मात्र त्यांचा विषय शाळेचे एकूण वातावरण हा होता.

अध्यापनाशी थेट जोडलेली आणि आज सर्वाधिक वापरात असलेली मापनश्रेणी फिलिप हॅलिंजर यांची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. तिच्या रूढ आवृत्तीत ५० विधाने आहेत. ती मुख्याध्यापकांच्या १० कार्यांत आणि ती कार्ये ३ परिमाणांत, म्हणजे मोठ्या गटांत, विभागलेली आहेत : शाळेचे ध्येय ठरवणे, अध्यापनाचे व्यवस्थापन आणि शिकण्यास पोषक वातावरण. विधाने स्वभावाबद्दल नसून वर्तनाबद्दल असतात. तास चालू असताना विद्यार्थ्यांना कार्यालयात बोलावले जाणार नाही, याची मुख्याध्यापक काळजी घेतात का? मधल्या सुट्टीत ते मुलांशी, शिक्षकांशी बोलतात का? ‘जवळजवळ कधीच नाही’ (१) ते ‘जवळजवळ नेहमी’ (५) यांपैकी एका आकड्यावर खूण करायची. मुख्याध्यापक ‘प्रेरणादायी’ आहेत का, असे विचारण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

हीच श्रेणी मुख्याध्यापक स्वतःसाठीही भरू शकतात, पण ते स्वतःला बहुधा शिक्षकांपेक्षा जास्त गुण देतात. म्हणून संशोधक शिक्षकांच्या उत्तरांवर अधिक भिस्त ठेवतात. अर्थात तीही निर्दोष नसतात. मुख्याध्यापक आवडते असले की सगळ्याच विधानांवर चार-पाच पडतात. शिवाय बहुतेक अभ्यास शाळेची सरासरी काढून थांबतात. निम्म्या शिक्षकांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिला, तरी सरासरी ३ येते. अशा शाळेत खरे तर कोणी ५ दिले आणि कोणी १, हे पाहायला हवे.

महाराष्ट्रात ही पद्धत वापरताना आणखी एक अडचण येते. १९८१ च्या खासगी शाळा नियमावलीनुसार कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात आणि शिक्षकाच्या अहवालात मुख्याध्यापकांचा शब्द वजनदार असतो. त्यामुळे भरलेली प्रश्नावली मुख्याध्यापकांच्याच टेबलावरून जाणार असेल, तर उत्तरे सावध होतात. तीन-चार शिक्षकांच्या शाळेत तर नाव न लिहूनही उपयोग नसतो. अक्षरावरून, सेवेच्या वर्षांवरून माणूस ओळखू येतो.