जैववैद्यकीय पीएच.डी.: प्रयोगशाळा एकीकडे, विद्यापीठ दुसरीकडे

मुंबई-पुण्यात जैववैद्यकीय विषयात पीएच.डी. करणाऱ्याला पहिल्याच वर्षी एका गोष्टीचा उलगडा होत नाही. रोजचं काम एका संस्थेत चालतं, फेलोशिपचे पैसे दुसरीकडून येतात आणि पदवी बहुधा तिसरीच संस्था देणार असते. अर्ज, तारखा आणि सह्या या तिन्ही ठिकाणी सांभाळाव्या लागतात. आपल्याकडे या शाखेत प्रयोगशाळा आधी उभ्या राहिल्या आणि पदवी मागाहून येऊन त्यांना जोडली गेली, त्याचा हा परिणाम आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. जीवाणूशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. लस बनवायची आणि साथ आवरायची, एवढंच तिचं काम होतं. पदवीसाठी विद्यार्थी घडवणं तिच्या उद्देशात नव्हतं. १९११ मध्ये सुरू झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा पैसाही रोगांच्या चौकशीसाठी होता. हीच संस्था १९४९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर झाली.

त्या काळातली एक घटना संशोधन विद्यार्थ्याने नीट वाचावी अशी आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, कारण तिथे निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेचा वापर सुरू झाला होता. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला, याकडे पुरेसं लक्ष उशिराच दिलं गेलं. त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडलं. दोष बाटलीत आधीपासून होता की ती उघडताना शिरला, हा सगळा वाद होता. आजच्या लॅब नोटबुकात रसायनाचा लॉट नंबर, बाटली उघडल्याची तारीख आणि उघडणाऱ्याचं नाव लिहायला सांगतात, ते असा प्रश्न उद्भवला तर उत्तर देता यावं म्हणून. सुट्या कागदावर लिहून महिन्याअखेरीस वहीत उतरवलेली नोंद अशा वेळी उपयोगी पडत नाही.

पदवीचा प्रवाह वेगळ्या दिशेने आला. संशोधनावर आधारलेली डॉक्टरेट जर्मन विद्यापीठांत रुजली. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये स्वीकारली, आणि आपली विद्यापीठं ब्रिटिश वळणावर चालत होती. मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला आणि मग अटी घालून दिला. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं होतं. तो प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. जाडजूड प्रबंधाचा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रयोगशाळा आणि पदवी मुंबईत एकत्र आल्या त्या कर्करोग संशोधनात. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या आणि परत येऊन त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर ऊती वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभारली. काम रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत आणि नोंदणी विद्यापीठात, ही घडी तेव्हाच बसली. पुण्यात १९५२ मध्ये सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आताची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही), आणि पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस) याच वाटेने गेल्या. एनसीसीएसचे विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नोंदणी करतात. २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राची पदवी तिच्याकडे गेली. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं.

या दुहेरी घडीमुळे विद्यार्थ्याला दोन घड्याळांकडे बघावं लागतं. फेलोशिपचं घड्याळ रुजू झाल्याच्या दिवशी सुरू होतं. दोन वर्षं कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ), मग बाहेरचा तज्ज्ञ असलेल्या समितीने काम तपासलं की तीन वर्षं वरिष्ठ (एसआरएफ), अशी एकूण पाच वर्षं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफला ४२,००० रुपये आहेत, घरभाडे भत्ता वेगळा. विद्यापीठाचं घड्याळ मात्र तिथल्या प्रवेशाच्या तारखेपासून चालतं, आणि ती तारीख बऱ्याचदा काही महिने मागे पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार किमान मुदत तीन वर्षं आणि कमाल सहा वर्षं आहे. पुनर्नोंदणी केली तर एकूण आठ, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दहा. पाचव्या वर्षी पैसे थांबतात आणि प्रबंध अर्धवट असतो, ही अडचण इथेच जन्म घेते. रुजू होताच विद्यापीठाच्या प्रवेशाचं वेळापत्रक बघून पात्रता आणि स्थलांतर प्रमाणपत्रं काढून ठेवली, तर हे अंतर कमी होतं.

कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधी वर्गात शिकायचे विषय, यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी सक्तीचं झालं. त्याआधी कित्येक ठिकाणी विद्यार्थी थेट प्रयोगाला बसायचा आणि संख्याशास्त्र प्रबंध लिहिताना शिकायचा. आता किमान १२ श्रेयांक लागतात आणि त्यात ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संख्याशास्त्राचा पेपर पहिल्याच सत्रात घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे, कारण किती प्राणी किंवा किती रुग्ण लागतील याचा हिशेब नीतिमत्ता समिती पहिल्याच बैठकीत मागते.

या समित्यांचीही पार्श्वभूमी आहे. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, पण प्रयोगांवर देखरेखीचे सविस्तर नियम आले १९९८ मध्ये. तेव्हापासून प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती आणि तिच्यावर केंद्राचा प्रतिनिधी असतो. माणसांवरील संशोधनासाठी आयसीएमआरचं पहिलं निवेदन १९८० चं आणि सध्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची. त्यांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. रुग्णालयातून नमुने घेऊन काम दुसऱ्या संस्थेत करायचं असेल, तर परवानगी साधारणपणे दोन्हीकडे लागते. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा संमतिपत्रामुळे: मराठी मसुदा रुग्णाला कळणार नाही इतका बोजड असतो, किंवा उरलेला नमुना पुढे कशासाठी वापरणार हे लिहिलेलं नसतं. मंजुरीच्या तारखेआधी गोळा केलेला नमुना प्रबंधात वापरता येत नाही. नियतकालिकंही मंजुरी क्रमांक मागतात.

पेशीसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवताना, वर्षं वाया जातात ती मायकोप्लाझ्मामुळे. या जीवाणूला पेशीभित्ती नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, पण पेशींची वाढ आणि जनुकांची अभिव्यक्ती बदलते. नवी पेशी-रांग (एकाच मूळातून सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) आली की ती वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये ठेवून मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करावी आणि पुढेही दरमहा तपासावं. १९५१ मध्ये जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत वाढलेल्या हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशी इतर रांगांमध्ये शिरून त्यांची जागा घेतात, हे साठच्या दशकात उघड झालं. त्यामुळे डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या एसटीआर चाचणीने रांगेची ओळख पटवून घ्यावी. ती झाली की लगेच कमी पॅसेजच्या (म्हणजे कमी वेळा नव्या भांड्यात हलवलेल्या) पेशी १० टक्के डीएमएसओ या गोठताना पेशी जपणाऱ्या द्रवात, मिनिटाला सुमारे १ अंश या वेगाने थंड करत, द्रव नायट्रोजनच्या टाकीत साठवाव्यात. हा साठा नसेल तर चौथ्या वर्षी परीक्षकाने मागितलेला एक प्रयोग पुन्हा करता येत नाही.

प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलेला असण्याची यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली, पण अनेक संस्थांनी स्वतःच्या नियमांत ती ठेवली आहे. म्हणून विद्यापीठाचा आणि संस्थेचा, असे दोन्ही अध्यादेश वाचावे लागतात. मजकुरातल्या साम्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांत दुरुस्ती, ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणी रद्द. जैववैद्यकीय प्रबंधात हा आकडा चढतो तो ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात, कारण एकाच प्रयोगशाळेतले विद्यार्थी पीसीआर आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखण्याची पद्धत) यांचा तोच उतारा पिढ्यान्‌पिढ्या उतरवत आलेले असतात. आपण प्रत्यक्ष वापरलेलं तापमान, वेळ, प्रतिद्रव्याची विरलता आणि यंत्राचं मॉडेल लिहिलं की तो उतारा आपोआप वेगळा होतो.