फॅटी लिव्हरचा ग्रेड आणि फायब्रोसिसची स्टेज

परळ-दादरच्या एखाद्या सेंटरमध्ये फुल बॉडी चेकअप केला की फाइलमध्ये पोटाच्या सोनोग्राफीचा एक कागद येतो आणि त्यावर बऱ्याचदा ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असं लिहिलेलं असतं. पुढे डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा ताठरपणा मोजणारी तपासणी, करायला सांगतात, त्यावर ‘एफ २’ छापून येतं. घरात दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात आणि निष्कर्ष निघतो : दोनच होते, दोनच आहेत, म्हणजे वाढलं नाही. उलटंही होतं. ग्रेड ३ वाचून झोप उडालेल्या माणसाचा फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमधले व्रण, एफ ० निघतो. हे दोन आकडे एका शिडीवरचे नाहीतच.

ग्रेड म्हणजे सोनोग्राफीत लिव्हर किती पांढरट दिसतं, याची नोंद. रेडिऑलॉजिस्ट लिव्हर आणि उजवी किडनी एकाच चौकटीत धरतो. एरवी दोघांचा करडेपणा साधारण सारखा असतो. पेशींत चरबी साठली की लिव्हर किडनीपेक्षा उजळ दिसतं, तो ग्रेड १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या आणि श्वासपटलाच्या कडा धूसर झाल्या की ग्रेड २. त्या दिसेनाशाच झाल्या आणि लिव्हरचा मागचा भाग काळोखात गेला की ग्रेड ३. हा सगळा नजरेचा अंदाज. मशीन, गेनचं (चित्राच्या उजळपणाचं) सेटिंग किंवा पाहणारा बदलला की ग्रेड एखाद्या अंकाने इकडेतिकडे सरकतो. किडनीचा आजार असेल तर किडनीच उजळ दिसते, मग तुलना कशाशी करणार? चरबी साधारण २० टक्क्यांहून कमी असेल तर ती सोनोग्राफीतून निसटूनही जाते.

स्टेज असते व्रणांची. सूज येऊन पेशी मरत राहिल्या की लिव्हर ती जागा कोलॅजनच्या तंतूंनी सांधत जातं. एफ ० म्हणजे व्रण नाहीत. एफ १ मध्ये ते एकतर मध्यशिरेभोवती किंवा पोर्टल भागात (लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या वाहिन्यांपाशी), एफ २ मध्ये दोन्हीकडे. एफ ३ मध्ये या जागांना जोडणारे तंतूंचे पूल तयार होतात. एफ ४ म्हणजे सिरोसिस, लिव्हर गाठाळ झालेलं. ही मोजणी मुळात बायोप्सीच्या काचपट्टीवरची. सुईतून निघणारा तुकडा अख्ख्या लिव्हरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो, त्यामुळे बायोप्सीही चुकू शकते.

दोन्हींतलं जास्त महत्त्वाचं कोणतं, याचं उत्तर संशोधनाने बऱ्यापैकी स्पष्ट दिलं आहे. अमेरिका, युरोप आणि थायलंडमधल्या ६१९ रुग्णांच्या बायोप्सी आणि त्यांचं पुढे काय झालं, हे ताडून पाहणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि लिव्हरच्या गुंतागुंतीशी ठळक नातं निघालं ते फायब्रोसिसचं. चरबी किती होती, याचं नाही. वेगही निराळा. खाण्यापिण्यात बदल केला की चरबी काही आठवड्यांत हलते. व्रणाची एक पायरी चढायला नुसती चरबी असलेल्यांत सरासरी १४ वर्षं लागतात, सूजही असेल तर सुमारे ७. अर्थात ही सरासरी आहे. काही जण भराभर चढतात, आणि डायबेटिस असेल तर जास्तच सावध राहावं.

खरा घोळ फायब्रोस्कॅनच्या कागदावर होतो, कारण त्यावर दोन्ही गोष्टी असतात. ‘कॅप’ हा आकडा चरबीचा, १०० ते ४०० डेसिबल प्रति मीटर. दुसरा किलोपास्कलमधला, लिव्हरच्या ताठरपणाचा. कॅप ३१० बघून ‘तीनशेच्या वर गेलं’ म्हणून धाबं दणाणतं आणि खालच्या ५.२ किलोपास्कलकडे कुणी बघतही नाही. फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली एफ ३-एफ ४ ची शक्यता फारच कमी, १२ च्या वर दाट शंका, मधला पट्टा धूसर. कागदावर छापलेला ‘एफ’ या किलोपास्कलवरून तक्त्याने काढलेला असतो. तक्ता हिपॅटायटिस बी-सीचा वापरला की वेगळा आणि फॅटी लिव्हरचा वापरला की वेगळा, म्हणून आधी किलोपास्कलच वाचावेत.

तो आकडाही नीट घेतलेला हवा. उजवा हात डोक्यामागे घेऊन पाठीवर झोपायचं, प्रोब फासळ्यांच्या मधे काटकोनात टेकवतात, तो हलका ठोका देतो आणि त्या ठोक्याची लहर आत किती वेगाने जाते, हे मोजलं जातं. ताठर लिव्हरमध्ये लहर जोरात धावते. किमान १० वैध रीडिंग हवीत, आणि कागदावरचं ‘आयक्यूआर/मीडियन’, म्हणजे रीडिंगमधली तफावत, ३० टक्क्यांच्या आत. त्वचेपासून लिव्हरपर्यंतचं अंतर अडीच सेंटिमीटरहून जास्त असेल तर मोठा, एक्सएल प्रोब लागतो. शिवाय आधीचे तीन तास पोट रिकामं हवं. चेकअप पॅकेजमध्ये इथेच गडबड होते : सकाळी रक्त आणि सोनोग्राफी, मग सेंटरचाच उपमा-चहा, आणि तासाभरात फायब्रोस्कॅन. जेवणानंतर लिव्हरचा रक्तपुरवठा वाढतो, ताठरपणा वाढून दिसतो. कावीळ, तुंबलेला पित्तमार्ग, हृदयाची कमजोरी, खूप वाढलेलं एसजीपीटी (रक्ततपासणीतलं लिव्हरचं एन्झाइम) यांतही आकडा उगाच चढतो.

फायब्रोस्कॅनच्या आधी कागदावरच चाळणी लावता येते, तिचं नाव फिब-४. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम). त्याला प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. वय ४८, एसजीओटी ४६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ६० हजार. वर ४८ × ४६ = २२०८. खाली १६० × ८ = १२८०. उत्तर १.७३. १.३ च्या खाली निर्धास्त, २.६७ च्या वर तज्ज्ञाकडे, मधे आलं तर फायब्रोस्कॅन. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, ‘१.६ लाख’मधला १.६ तसाच घातला की उत्तर शंभर पट येतं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात एक पथ्य : डेंग्यूत प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढतं, फिब-४ आभाळाला टेकतं. ताप उतरून रक्त पूर्ववत होईपर्यंत हा हिशेब करूच नये.

सर्वांत फसवा प्रसंग ग्रेड उतरण्याचा. सिरोसिसकडे जाताना लिव्हरमधली चरबी बऱ्याचदा कमी होत जाते. ग्रेड ३ चा ग्रेड १ झाला म्हणून पेढे वाटावेत, तर प्लेटलेट त्याच काळात दोन लाखांवरून सव्वा लाखावर आलेल्या असतात, आणि ती सिरोसिसकडे जाण्याची खूण असू शकते. वजन घटलेलं नाही, साखर तशीच आहे, तरी ग्रेड उतरला, तर किलोपास्कल मोजून घ्यावेत.

उपचारही या दोन आकड्यांकडे वेगवेगळं बघतात. वजन ५ टक्के उतरलं तर चरबी हटू लागते. व्रण मागे हटवायला १० टक्के लागतात, म्हणजे ८२ किलोच्या माणसाला आठेक किलो. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ही औषधं फॅटी लिव्हरच्या आजारासाठी मंजूर केली, ती चरबीसोबत सूज आणि एफ २-एफ ३ फायब्रोसिस असलेल्यांना. त्या अटींत सोनोग्राफीचा ग्रेड कुठेच नाही.

एफ ४ झाल्यावर सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करतात, पण आता शोध असतो लहान गाठीचा, कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून. चिठ्ठीवर नुसतं ‘सोनोग्राफी अ‍ॅबडोमेन’ असेल तर रिपोर्टमध्ये पुन्हा ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ एवढंच येऊ शकतं. ‘सिरोसिस, गाठीसाठी तपासणी’ हे शब्द डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावेत आणि मागचा रिपोर्ट सोबत न्यावा.