वाढदिवस विशेष प्लेलिस्ट (मराठवाडा)

गायक, संगीतकार किंवा गीतकाराच्या जन्मतारखेला त्याची निवडक गाणी, गाण्यांमागचे किस्से सांगत, एका क्रमाने ऐकण्याची व ऐकवण्याची प्रथा. कलावंत हयात असल्यास ‘वाढदिवस विशेष’ आणि नसल्यास ‘जयंती विशेष’ म्हणतात. ही सवय रेडिओने लावली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. मराठवाड्यात पुढे परभणी आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) ही आकाशवाणी केंद्रे आली. स्वस्त इंटरनेट येण्याआधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. आता सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर यादी येते.

गाजलेली दहा गाणी ओळीने लावणे कुणालाही जमते. खरी मजा तारखा जुळवण्यात आहे. मोहम्मद रफी यांचा जन्म २४ डिसेंबर १९२४ चा, तर नौशाद यांचा २५ डिसेंबर १९१९ चा. रफींची रात्र ‘बैजू बावरा’तील (१९५२) ‘मन तडपत हरिदर्शन को आज’ने संपवावी आणि दुसऱ्या दिवशी नौशादांची यादी तिथूनच उचलावी. १ ऑक्टोबरला सचिनदेव बर्मन (१९०६) आणि ग. दि. माडगूळकर (१९१९) अशा दोघांची जयंती असते. हिंदी गाण्यांच्या गर्दीत गदिमा मागे पडतात, याचे वाईट वाटते.

मराठवाड्याचा हक्काचा दिवस १६ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनाची आदली तारीख. १९४२ साली या दिवशी पळसखेड्यात कवी ना. धों. महानोर जन्मले. शिवारात सोयाबीनच्या शेंगा भरत असतात आणि पावसाने पुन्हा ओढ दिली तर काय, हा घोर प्रत्येक घरात असतो. तेव्हा ‘जैत रे जैत’मधले (१९७७) ‘नभ उतरू आलं’ लावले की शब्द थेट बांधावरून आल्यासारखे भिडतात. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशा भोसले यांचा. आशाताईंची जन्मतारीख ८ सप्टेंबर, लतादीदींची २८. दीदींच्या दिवशी ‘सर्जा’तील (१९८७) ‘चिंब पावसानं रान झालं’ घेतले की महिनाभर महानोरांचा धागा तुटत नाही. गायकासोबत कवीचे नाव सांगितलेच पाहिजे. निवेदनात नेमके तेच गळते.

या प्रथेची मोठी उणीव लोककलावंतांबाबत आहे. खेड्यापाड्यांत जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच जन्मतारीख आहे, कारण प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी ती लिहून टाकली. अनेक गोंधळी, वासुदेव, शाहिरांची तर तेवढीही नोंद नाही. भीमगीते लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक यांची तारीख ठाऊक आहे, १५ ऑगस्ट १९२२. पण त्या दिवशी देशभक्तिपर गाण्यांपुढे ते आठवत नाहीत, एरवी १४ एप्रिलला मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत त्यांचीच गाणी वाजत असली तरी. तारीख नसलेल्यांना निदान प्रसंग द्यावा: नवरात्रात तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ, नाथषष्ठीला पैठणच्या एकनाथांचे भारूड, आणि सादर करणाऱ्याचे नाव ठळक.