मेसेज फुटण्याआधी : ब्राझीलमधल्या ‘लाव्हा जाटो’ची पार्श्वभूमी

‘लाव्हा जाटो’ (म्हणजे ‘कार वॉश’) या ब्राझीलमधल्या भ्रष्टाचाराच्या तपासावरची चर्चा बहुतेक वेळा ९ जून २०१९ पासून सुरू होते. त्या दिवशी ‘द इंटरसेप्ट ब्राझील’ने न्यायाधीश सर्जियो मोरो आणि सरकारी वकिलांच्या पथकाचे प्रमुख डेल्टन डलान्योल यांचे टेलिग्रामवरचे खासगी मेसेज छापायला घेतले. पण मोरो यांच्या निःपक्षपातीपणावरचे आक्षेप त्याच्या कितीतरी आधी न्यायालयात नोंदवले गेले होते. ते बाजूला ठेवून नुसते मेसेज वाचले, तर प्रकरण अर्धंच कळतं.

मार्च २०१४ मध्ये कुरितिबा शहरातून तपास सुरू झाला. ब्राझिलियातल्या एका पेट्रोल पंपाच्या आडून चालणारे काळ्या पैशाचे व्यवहार उकरताना पोलीस पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीपर्यंत पोचले. बांधकाम कंपन्या संगनमताने कंत्राटं वाटून घेत आणि वाढवलेल्या रकमेतला वाटा अधिकारी व राजकीय पक्षांना पोचवत. भ्रष्टाचार खरा होता, यात शंका नको. ओडेब्रेक्ट या बांधकाम कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. बारा देशांत मिळून सुमारे ७८.८ कोटी डॉलरची लाच दिल्याचं त्यात नोंदलं आहे.

दुखणं होतं ते व्यवस्थेत. ब्राझीलमध्ये तपासाच्या काळात झडती, फोन टॅपिंग, अटक यांना मंजुरी देणारा न्यायाधीशच पुढे खटलाही चालवत असे. महिनोन्महिने एकाच तपासात गुंतलेल्या माणसाने मग आरोपीकडे कोऱ्या मनाने पाहायचं, ही अपेक्षाच अवघड होती. त्यातून मोरो इटलीतल्या १९९० च्या दशकातल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेचे अभ्यासक. त्या मोहिमेला जनमताचा आणि वर्तमानपत्रांत झिरपणाऱ्या माहितीचा कसा आधार मिळाला, हे त्यांनी २००४ मध्येच एका लेखात मांडलं होतं.

मार्च २०१६ मध्ये ते प्रत्यक्षात दिसलं. ४ मार्चला माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना आधी समन्स न पाठवता पोलिसांकरवी जबानीसाठी नेण्यात आलं. १६ मार्चला मोरो यांनी लुला आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष डिल्मा रुसेफ यांचं फोनवरचं संभाषण जाहीर केलं. ते टॅपिंग थांबवण्याचा आदेश त्यांनी स्वतः दिल्यानंतरचं होतं. लुलांच्या वकिलांच्या कार्यालयातले फोनही ऐकले गेले होते. माझ्या मते आरोपीच्या वकिलाचा फोन ऐकला गेला, तिथेच खटल्याचा पाया खचला. पुढच्या कुठल्याही मेसेजपेक्षा ही गोष्ट मला गंभीर वाटते.

जुलै २०१७ मध्ये मोरो यांनी ग्वारुजा या गावातला फ्लॅट लाच म्हणून घेतल्याच्या प्रकरणात लुलांना साडेनऊ वर्षांची शिक्षा सुनावली. एप्रिल २०१८ मध्ये लुला तुरुंगात गेले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीतून बाद झाले. पहिल्या फेरीला आठवडाही उरला नसताना मोरो यांनी एका माजी मंत्र्याच्या लुलाविरोधी जबाबाचा भाग खुला केला. उजव्या विचारांचे बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि मोरो त्यांचे न्यायमंत्री झाले.

मेसेज आले ते यानंतर. त्यात न्यायाधीश सरकारी वकिलाला छाप्यांचा क्रम बदलायला सुचवताना, संभाव्य साक्षीदाराची माहिती पुरवताना आणि बरेच दिवस कारवाई का नाही असं विचारताना दिसले. ब्राझीलच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५४ नुसार कुठल्याही पक्षाला सल्ला देणारा न्यायाधीश त्या खटल्यात बसू शकत नाही. दोघांनीही आपण वावगं काही केलं नाही असं सांगितलं आणि मेसेज अस्सल असल्याचं मान्य केलं नाही.

ते हॅक करून मिळवलेले होते, आणि बेकायदा मिळवलेला पुरावा ब्राझीलची राज्यघटना नाकारते. तो आरोपीच्या बचावासाठी तरी वापरता येतो का, यावर बराच खल झाला. सर्वोच्च न्यायालयाने लुलांच्या वकिलांना मेसेज पाहू दिले. मात्र २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने ३ विरुद्ध २ मतांनी मोरो यांना पक्षपाती ठरवलं, तेव्हा निकालाचा आधार उघड नोंदींतल्या घटनांचा होता : जबरदस्तीने नेणं, वकिलांचे फोन, जाहीर केलेलं संभाषण, निवडणुकीच्या तोंडावरचा जबाब, मंत्रिपद. दोनच आठवड्यांपूर्वी न्यायमूर्ती एडसन फाकिन यांनी अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर लुलांच्या शिक्षा रद्द केल्या होत्या.

याची किंमत लाचखोरांना मोजावी लागली नाही, हे मला सलतं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती डियास टोफोली यांनी ओडेब्रेक्टने सरकारी वकिलांशी सवलतीसाठी केलेल्या तडजोडीत दिलेला पुरावा वापरण्यायोग्य नसल्याचं ठरवलं आणि कित्येक आरोपींना सुटकेची वाट मिळाली.

तपासावर देखरेख करणारा आणि खटला चालवणारा न्यायाधीश वेगळे ठेवण्याची तरतूद डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात आली. मूळ विधेयक न्यायमंत्री मोरो यांचंच होतं. ही तरतूद संसदेने त्यात घातली आणि मोरो यांनी तिला विरोध केला. पुढच्याच महिन्यात ती स्थगित झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवून देशभरातल्या न्यायालयांना अंमलबजावणीसाठी मुदत घालून दिली.