नेत्र-मेंदू लिम्फोमा : डोळ्यातील सुरुवातीची लक्षणे

दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा, प्रकाश टिपणारा पडदा), त्यापुढचा काचाभ द्रव (डोळ्यात भरलेला पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ) आणि मेंदू यांत उद्भवणारा नेत्र-मेंदू लिम्फोमा हा दुर्मीळ कर्करोग बहुतेक वेळा मोठ्या बी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा असतो. दृष्टिपटल गर्भावस्थेत मेंदूपासूनच घडते, म्हणून एकाच आजाराने दोन्ही ठिकाणी घर करावे यात नवल नाही. रुग्ण बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेले असतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना तो तरुणपणीही होतो.

सुरुवात अगदी साधी असते. नजर धूसर होते, डोळ्यापुढे ठिपके किंवा जाळी तरंगते. डोळा सहसा दुखत नाही, लालही होत नाही. आधी एकाच डोळ्याची तक्रार असली, तरी पुढे बहुतेकांचे दोन्ही डोळे बाधित होतात. वय झाले की असे व्हायचेच, म्हणून रुग्ण गप्प बसतो आणि मोलाचे महिने हातचे जातात.

तपासणीत काचाभ द्रवात पेशींचे पुंजके व पडदे दिसतात. द्रव इतका गढूळ असूनही रुग्णाला त्या मानाने बरे दिसते, कारण नेहमीच्या दाहात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर येणारी सूज येथे सहसा नसते. ही विसंगती जाणत्या डॉक्टरला थबकायला लावते. दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य-थराखाली पिवळसर, सायीच्या रंगाचे डाग आढळले, तर संशय अधिकच बळावतो.

चकवा बसतो तो औषधाने. हा आजार युव्हिआयटिससारखा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहासारखा दिसतो. स्टिरॉइड हे दाह दाबणारे औषध दिल्यावर काही काळ उतार पडतो आणि दाहाचे निदान बरोबर होते असे वाटते. मग गढूळपणा परततो. उतारवयात पहिल्यांदाच झालेला, स्टिरॉइडने दबून पुन्हा उसळणारा दाह लिम्फोमा नाही याची खात्री करून घ्यायलाच हवी.

ज्यांना फक्त डोळ्याचा आजार असतो, त्यांतल्या अर्ध्याहून अधिक जणांच्या मेंदूत तो पुढे, बहुधा काही वर्षांतच, पोहोचतो. म्हणून निदान होताच मेंदूचा एमआरआय करतात व तो ठरावीक काळाने पुन्हा करतात. विसरभोळेपणा, स्वभावात बदल, तोल जाणे किंवा झटके येणे ही मेंदूकडची चिन्हे.

निदानाचा निर्णय काचाभ द्रवाच्या नमुन्यावर होतो. त्यात लिम्फोमाच्या पेशी शोधतात. पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात त्या प्रथिनांपैकी इंटरल्यूकिन-१० चे प्रमाण इंटरल्यूकिन-६ पेक्षा जास्त असणे आणि एमवायडी८८ जनुकातला बदल यांचाही आधार मिळतो. शक्य असेल तर आधी डॉक्टर स्टिरॉइड थांबवतात, कारण स्टिरॉइडने कर्कपेशी मरून नमुना कर्करोग नसल्याचा खोटा निर्वाळा देऊ शकतो. या पेशी नाजूक असतात. नमुना काढल्यावर तो लगेच प्रयोगशाळेत पोहोचला नाही, तर त्या ओळखण्यापलीकडे जातात.